टेक्स्ट एडिटरमधील देवनागरी

टेक्स्ट एडिटरमध्ये टंकलेला देवनागरी मजकूर दोन रूपांत असतो : स्मृतीत संकेतांकांची रांग आणि पडद्यावर फाँटमधल्या आकारांची. इंग्रजीत या दोन रांगा बहुधा एकास एक जुळतात, देवनागरीत क्वचितच. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो; एडिटर त्यात दहा संकेतांक मोजतो आणि यूटीएफ-८ पद्धतीच्या फाइलमध्ये त्याला तीस बाइट लागतात. कर्सर हलवताना, खोडताना आणि शोधताना यांपैकी कोणता हिशेब धरला आहे, यावर मराठी लिहिणाऱ्याची सोय किंवा गैरसोय ठरते.

पूर्वपीठिका : १९६३ च्या आस्की संकेतात १२८ जागा होत्या आणि त्या रोमन लिपीपुरत्याच होत्या. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेली इस्की पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक (आयएस १३१९४) ठरली. तिच्यात जुन्या १२८ जागा तशाच ठेवून वरच्या जागा भारतीय लिप्यांना दिल्या होत्या. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवले आणि संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे त्या काळच्या साध्या संगणकांवरही भारतीय लिप्या उमटू लागल्या. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीला १२८ जागा देताना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीची मांडणी उचलली. जोडाक्षरांना त्यात वेगळी जागा नाही; क, हलंत आणि ष असे तीन संकेतांक ओळीने आले की ‘क्ष’ होतो. अर्ध्या अक्षरांना स्वतंत्र जागा हव्या होत्या, असेही एक मत आहे.

दरम्यान छपाईच्या धंद्यात श्रीलिपी, शिवाजी, आकृती अशा फाँटांचे राज्य होते. त्यांतले बरेच फाँट रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवत. फाँट बदलला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ उरे. ऱ्हस्व वेलांटी टंकयंत्राप्रमाणे आधी आणि व्यंजन नंतर साठवले जाई. त्यामुळे वर्णानुक्रम लावणे आणि शब्द शोधणे दोन्ही अडे. त्या काळातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरांचा क्रमही उलटसुलट करून घ्यावा लागतो.

घडण : युनिकोड मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतो, लिपी मात्र त्या क्रमाने दिसत नाही. ‘आर्थिक’ या शब्दाचे संकेतांक असे आहेत : आ, र, हलंत, थ, ऱ्हस्व वेलांटी, क. पडद्यावर वेलांटी थ च्या आधी सरकते आणि थ च्या आधी उच्चारला जाणारा र रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढतो. ही हलवाहलव एडिटर स्वतः करत नाही. ती घडण-यंत्रणेकडे सोपवलेली असते. ही यंत्रणा आधी अक्षराच्या सीमा ठरवते, मग घटक हलवते आणि शेवटी फाँटमधील तक्ते वाचून अर्धी रूपे व जोडाक्षरे बसवते. क्ष आणि ज्ञ यांच्यासाठी ओपनटाइप फाँटमध्ये ‘अखंड’ नावाचा वेगळा नियम आहे. आधाराला व्यंजन नसलेली मात्रा आली, तर ती बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसवून दाखवली जाते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब ही यंत्रणा आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फाँट होता. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांत आज हार्फबझ ही मुक्त यंत्रणा आहे. ईमॅक्स या जुन्या एडिटरने ती २०२० मध्ये २७ व्या आवृत्तीत स्वीकारली.

मराठीचे प्रश्न : ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. दुसऱ्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याचा ऱ (संकेतांक ०९३१) आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच उमटतात, पण युनिकोड त्यांना समान मानत नाही. एका रीतीने टंकलेला ‘दऱ्या’ दुसऱ्या रीतीने शोधला तर साधा शोध रिकाम्या हाताने परत येतो. ‘ॲ’ चेही तसेच आहे. युनिकोडच्या २००८ मधील ५.१ आवृत्तीत त्याला ०९७२ ही जागा मिळाली. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवले जाई. दोन्ही प्रकारचा मजकूर आजही चलनात आहे, म्हणून मराठी शब्दसूची बनवणाऱ्याने ही रूपे आधी एकसारखी करून घेणे अत्यावश्यक ठरते.

मराठी आणि हिंदी वळणाच्या ल, श यांना संकेतांक एकच आहे. वळण फाँट ठरवतो किंवा मजकुरासोबत जोडलेली भाषेची खूण. साध्या मजकूर-फाइलमध्ये अशी खूण नसते. तिथे मराठी वळणाचा फाँट निवडणे हाच भरवशाचा उपाय.

कर्सर आणि खोडणे : बऱ्याच एडिटरांत बाणाची कळ अख्खे अक्षर ओलांडते, पण बॅकस्पेस शेवटचा संकेतांकच पुसते. त्यामुळे ‘की’ मधली वेलांटी चुकली तर क पुन्हा टंकावा लागत नाही. जोडाक्षर मात्र २०२३ पर्यंत युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत हलंतापाशी तुटत असे. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड मानली. जुन्या एडिटरांत हलंतापाशी तुटण्याची वागणूकच आढळते.

टर्मिनल : इथे पडदा समान रुंदीच्या चौकटींत विभागलेला असतो. देवनागरी अक्षराची रुंदी घडणीनंतरच कळते, चौकटी मात्र आधीच वाटलेल्या असतात. म्हणून काना-वेलांट्या सुट्या पडतात आणि ओळी सरकतात.

अंतर्गत साठवण : संकेतांकांची रांग स्मृतीत कशी ठेवायची, हे प्रत्येक एडिटर आपल्या परीने ठरवतो. ईमॅक्समध्ये मजकुरात कर्सरच्या जागी मोकळी फट ठेवणारी रचना आहे, तर व्हीएस कोड या एडिटरमध्ये २०१८ पासून मजकुराच्या तुकड्यांची नोंद ठेवणारा तक्ता आहे.

मोडी : या लिपीचा युनिकोडच्या ७.० आवृत्तीत २०१४ मध्ये समावेश झाला. तिचे संकेतांक पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे असल्याने यूटीएफ-१६ वापरणारे एडिटर प्रत्येक मोडी चिन्ह दोन एककांत साठवतात.