लॉटरी फसवणूक (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकातील लॉटरी फसवणूक म्हणजे सोडतीच्या नावाखाली तिकिटे विकून लोकांचे पैसे लुबाडण्याचा प्रकार होय. छापील कागद हे या फसवणुकीचे प्रमुख साधन होते.

== पार्श्वभूमी ==
सरकारमान्य सोडती त्या काळी कायदेशीर होत्या. कलकत्त्यात १८१७ मध्ये नेमलेल्या लॉटरी समितीने सोडतीच्या उत्पन्नातून शहरसुधारणेची कामे केली. मुंबईच्या टाउन हॉलसाठीही सोडतीचा मार्ग अवलंबला गेला. तो पैसा अपुरा पडल्याने ही इमारत सरकारी साहाय्याने १८३३ मध्ये पूर्ण झाली. आज तेथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे.

== पद्धती ==
खऱ्या तिकिटावर क्रमांक, बक्षिसाची रक्कम, सोडतीची तारीख व सही असे. हेच सर्व छापून अस्तित्वात नसलेल्या सोडतीची तिकिटे विकता येत. अमेरिकेत टपालाने पत्रके पाठवून ‘आपणांस बक्षीस लागले आहे, आधी शुल्क पाठवावे’ असे कळविले जाई. बक्षीस मात्र कधीच मिळत नसे.

== कायदा ==
भारतात १८४४ च्या पाचव्या अधिनियमाने सरकारची परवानगी नसलेल्या सोडतींना बंदी केली. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घालण्यात आले. अनधिकृत सोडतीसाठी कचेरी चालविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, तर अशा सोडतीचा प्रस्ताव प्रसिद्ध करणाऱ्यास १,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद त्यात होती. म्हणजे केवळ जाहिरात छापून प्रसिद्ध करणे हादेखील स्वतंत्र गुन्हा ठरला. भारतीय न्याय संहितेत हा विषय कलम २९७ मध्ये आहे.

== छापील साहित्य ==
तिकिटे, जाहिरातपत्रके व निकालाच्या याद्या सोडत संपताच निरुपयोगी होत आणि फेकल्या जात. मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियम, १८६७ अन्वये प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व स्थळ देणे बंधनकारक होते. मात्र सरकारकडे प्रती जमा करण्याची सक्ती पुस्तकांपुरती होती. त्यामुळे सुटी पत्रके ग्रंथसूचींत सहसा आढळत नाहीत. इंग्लंडमधील अशा कागदांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील जॉन जॉन्सन संग्रहात आहे. तेथील सरकारी लॉटरीची अखेरची सोडत १८ ऑक्टोबर १८२६ रोजी झाली.

== महत्त्व ==
मुद्रक, स्थळ, किंमत व आश्वासनांची भाषा यांवरून हे कागद फसवणुकीचा पुरावा ठरतात. बक्षिसाआधी शुल्क मागण्याची युक्ती आज दूरध्वनी व संदेशांद्वारे वापरली जाते.