१९ एप्रिल : राणी सोहॉन यांचे निधन

१९ एप्रिल १४४६ रोजी कोरियाच्या जोसॉन राज्याच्या राणी सोहॉन यांचे हानयांग (आजचे सोल) येथे निधन झाले. राजा सेजोंग यांच्या त्या पत्नी. पुत्र सुयांग यांच्या वाड्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

हे दुःख ग्रंथरूपाने उरले. राणीच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून सेजोंग यांनी सुयांगकडून बुद्धचरित्र लिहवून घेतले. ‘सॉकबोसांगजॉल’ हा तो ग्रंथ १४४७ मध्ये सिद्ध झाला, तोही विद्वानांच्या चिनी लिपीवर न थांबता राजाने नुकत्याच घडवलेल्या हंगुल लिपीत. दरबारातल्या अनेक पंडितांना ही लिपी नकोशी होती. अशा काळात लोकभाषेतले सलग गद्य उभे राहिले ते एका राणीच्या स्मरणार्थ, ही मोठीच गोष्ट. पंधराव्या शतकातली कोरियन भाषा अभ्यासणाऱ्यांना आजही हा ग्रंथ टाळता येत नाही.

मात्र राणीच्या माहेराची आठवणही ठेवायला हवी. सासरे थेजोंग यांच्या हुकमाने वडील सिम ऑन यांना १४१९ च्या आरंभी प्राण गमवावे लागले. आईची गणना गुलामांत झाली. सोहॉन यांचे राणीपद टिकले, पण आईची सुटका व्हायला १४२६ साल उजाडले. इतके सोसलेल्या या स्त्रीचा उल्लेख केवळ दहा मुलांची आई म्हणून करणे अन्यायाचे आहे.

यॉजू येथे सेजोंग आणि सोहॉन यांची एकत्र समाधी आहे. जोसॉन राजसमाधींना २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.