झेंडूची फुले

‘केशवकुमार’ या टोपणनावाने प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांनी लिहिलेला विडंबनकाव्यसंग्रह. प्रथम प्रकाशन १९२५. समकालीन कवितेवरचा अभिप्राय कवितेतूनच देणारा हा संग्रह मराठी विडंबनकाव्यात अग्रगण्य मानला जातो.

पार्श्वभूमी : पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी कवी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर चर्चा करत आणि मंडळातर्फे पुस्तके काढत. सभा-संमेलनांत स्वतःच्या कविता चालीवर म्हणण्याचा प्रघात त्यांनी लोकप्रिय केला. या काव्यगायनामुळे पुस्तक विकत न घेणाऱ्यांपर्यंतही नवी कविता पोचली. मात्र दाद शब्दांना मिळते की गळ्याला, असा आक्षेपही घेतला गेला.

स्वरूप : अत्रे यांनी टर उडवली ती प्रामुख्याने या काळातील काव्यसंकेतांची : हळवे प्रेम, फार्सी शब्दांची पखरण, क्षुल्लक विषयाला दिलेला भारदस्त थाट. ‘प्रेमाचा गुलकंद’मध्ये प्रियकर रोज गुलाब देतो आणि प्रेयसी त्यांचा गुलकंद घालून ठेवते. ‘परिटास’मध्ये धुवायला नेलेल्या कपड्यांची घरगुती तक्रार उद्देशून लिहिलेल्या गंभीर कवितेच्या डौलात मांडली आहे. वृत्त, लकब आणि शब्दकळा नेमकी हेरल्याखेरीज असे विडंबन साधत नाही. त्यामुळे या थट्टेमागे बारकाईचे वाचन दिसते.

परिणाम : विडंबनामुळे मूळ कवींची प्रतिष्ठा ढळली नाही. माधव ज्यूलियन १९३६ मध्ये जळगावच्या, तर यशवंत १९५० मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दरम्यान १९४२ मध्ये नाशिकला तो मान अत्रे यांना मिळाला. नव्या कवितेला नेहमीच असे हसतखेळत उत्तर मिळाले नाही. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. खटल्याने कवितेचा निवाडा न्यायालयावर सोपवला. ‘झेंडूची फुले’ने तो वाचकाच्याच हाती ठेवला. या संग्रहातील काही कविता मूळ काव्य न वाचलेल्यांनाही परिचित आहेत.