सुक्रातचे दोन नकार



उत्तम वस्तूला आपण सहज 'अफलातून' म्हणतो. हे ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटोचे अरबी नाव. त्याचे गुरू सुक्रात, म्हणजेच सॉक्रेटिस. त्यांचा विषाचा प्याला सर्वांना ठाऊक आहे. त्यापूर्वीचे त्यांचे दोन नकार मात्र फारसे कोणी सांगत नाही.

इ. स. पूर्व ४०६ मध्ये अथेन्सच्या आरमाराने स्पार्टावर विजय मिळविला. परंतु वादळामुळे बुडत्या जहाजांवरील आपल्याच माणसांना वाचविता आले नाही. लोक खवळले. सर्व सेनापतींचा एकाच मताने निकाल लावा, असा सभेत गजर झाला. हे कायद्याविरुद्ध होते. सभा चालविणाऱ्यांत सुक्रात होते. त्यांचे सहकारी धमक्यांना भ्याले. सुक्रात बधले नाहीत. तरीही परतलेल्या सहा सेनापतींना देहदंड झाला. पुढे अथेन्स पस्तावले.

इ. स. पूर्व ४०४ मध्ये तीस जुलमी पुरुषांची सत्ता आली. लिऑन नावाच्या निरपराध माणसाला पकडून आणा, असा हुकूम सुक्रातसह पाच जणांना झाला. चौघे गेले, सुक्रात मुकाट्याने घरी गेले. ती राजवट लवकरच कोसळली, म्हणून ते बचावले.

खवळलेला जमाव असो वा जुलमी राजा, दोघांनाही आपल्या पापात भागीदार हवे असतात. आणि भित्रा माणूस चटकन भागीदार होतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापुढेही असा प्रसंग येईल. पालकहो, मुलांना हुशार करताना 'नाही' म्हणण्याचे बळही द्या.