केनी डॉरम आणि मंद स्वराची तुतारी

तुतारी ह्या वाद्याशी आपली ओळख आहे ती मोठ्या आवाजाची. पालखी निघाली, वर मांडवाच्या दाराशी आला, पुढारी व्यासपीठावर चढला, की तुतारी फुंकली जाते. केशवसुतांनी कवितेत तिला बोलाविले तेही निजलेल्यांना जागे करण्यासाठीच. आणि वरातीतल्या बॅण्डमधला तो लाल कोटवाला ट्रंपेट वाजवितो तो रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या माड्यांवर ऐकू जावा म्हणून. तेव्हा पितळेच्या ह्या नळीने शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलावे, ही कल्पनाच आपल्याला थोडी चमत्कारिक वाटेल. ज्याने आपले आयुष्य ह्या कल्पनेपायी वेचले अशा एका अमेरिकन वादकाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

जॅझ हे संगीत मुंबईला नवे नाही. १९३५ साली लिऑन ॲबीचा निग्रो वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात येऊन वाजवून गेला, आणि त्याच्या मागोमाग आणखीही आले. त्यांच्या संगतीने आणि तबकड्या ऐकून गोव्याकडील पुष्कळ ख्रिस्ती तरुण ह्या वादनात तयार झाले. हळदोण्याचे आंतोनिओ शाविएर वाझ हे त्यांतलेच. ते चिक चॉकलेट ह्या नावाने गाजले आणि लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही ते होते. म्हणजे १९५१ च्या ‘अलबेला’च्या काळातली गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांनी नाव ठाऊक नसताना हा ट्रंपेट ऐकलेला आहे. परंतु आपल्याकडे आला तो मुख्यतः आर्मस्ट्राँगच्या घराण्याचा ट्रंपेट : उजळ, खुल्या गळ्याचा, वरच्या सप्तकात जाऊन टाळी घेणारा. दुसरे एक घराणे होते, ते फारसे पोचले नाही.

केनी डॉरमचा जन्म ३० ऑगस्ट १९२४ चा, टेक्सस संस्थानातील फेअरफील्ड गावाजवळचा. त्याचे पाळण्यातले नाव मॅकिन्ली. त्यावरून मित्र ‘किनी’ म्हणत, आणि सुरुवातीच्या तबकड्यांवर तेच छापले गेले. पुढे त्याचे ‘केनी’ झाले. ज्याच्या नावाची अक्षरेसुद्धा लोकांनी धड ध्यानात ठेवली नाहीत त्याच्या कीर्तीचे काय झाले असेल, हे येथेच थोडेसे दिसते. घरात बाप गिटार वाजवी, आई आणि बहीण पियानो वाजवीत. वायली कॉलेजात तो गेला तो रसायन आणि पदार्थविज्ञान शिकावयास. लष्करात होता तेव्हा मुष्टियुद्धाच्या संघात होता. इतका हळुवार स्वर काढणाऱ्या माणसाचा मुष्टियुद्धाशी काय संबंध, असे वाटते खरे. पण ट्रंपेट हळू वाजविण्यास किती बळ लागते ह्याचा विचार केला म्हणजे ते नवल राहत नाही.

ते कसे, हे समजून घेणे जरूर आहे. ट्रंपेटला कळा तीनच. बाकीचे सारे काम ओठांचे आणि श्वासाचे. एकच कळ दाबून, ओठ कमीअधिक आवळून, वादक एकाच नळीतून अनेक स्वर काढतो. जोराने फुंकले तर हवेचा लोटच ओठांना थरथरत ठेवतो आणि स्वर आपोआप उभा राहतो. मंद फुंकताना तो आधार जातो. श्वासाची धार बारीक ठेवावयाची, पण ती क्षणभरही तुटू द्यावयाची नाही. जरा चुकले की स्वर फाटतो किंवा नुसता वारा येतो. आपल्याकडे खर्जातला मंद षड्ज स्थिर लावणे हे जसे तानबाजीहून अवघड, तसलाच हा प्रकार. म्हणून हळू वाजविणारा तो दुबळा, हा ऐकणाऱ्याचा समज असतो, वाजविणाऱ्याचा नसतो.

१९४५ च्या सुमारास डॉरम न्यूयॉर्कात होता. हा काळ बीबॉपचा. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ह्यांनी जॅझची लय अशी वाढविली, आणि स्वरसंगतींची गुंतागुंत इतकी केली, की नाचणाऱ्यांचे पाय थांबले आणि लोक खुर्च्यांवर बसून ऐकू लागले. गिलेस्पीच्या आणि बिली एकस्टाइनच्या मोठ्या ताफ्यांत डॉरमने काम केले. नंतर १९४८ च्या डिसेंबरात माइल्स डेव्हिस पार्करचा पंचक सोडून गेला, आणि त्याच्या रिकाम्या जागी डॉरम आला. पुढच्या मे महिन्यात पॅरिसला जॅझचा महोत्सव झाला. तेथे पार्करच्या शेजारी डॉरम उभा होता, आणि त्याच महोत्सवात दुसऱ्या ताफ्याबरोबर माइल्स डेव्हिसही वाजवीत होता. चोवीस वर्षांच्या डॉरमला त्या आठवड्यात काय वाटले असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

दुसऱ्याच्या जागी येणे हे त्याच्या कुंडलीतच असावे. १९५६ च्या २६ जूनला क्लिफर्ड ब्राउन हा पंचवीस वर्षांचा अलौकिक ट्रंपेटवादक मोटारीच्या अपघातात गेला. मॅक्स रोच हा थोर ड्रमवादक त्याचा भागीदार. त्याने त्या जागी बोलाविले ते डॉरमला. मृताच्या जागेवर बसणाऱ्याची तुलना मृताशी होते, आणि मृत माणूस कधी बेसूर होत नाही. ह्याच्या आधी आर्ट ब्लेकी आणि होरेस सिल्व्हर ह्यांच्याबरोबर ‘जॅझ मेसेंजर्स’ हा संच उभारण्यात डॉरमचा हात होता. तो सोडून त्याने स्वतःचा ‘जॅझ प्रॉफेट्स’ काढला. तो थोडेच महिने टिकला. मेसेंजर्स मात्र पुढे पस्तीस-एक वर्षे चालले आणि त्यांतून निघालेल्या प्रत्येक ट्रंपेटवाल्याचे नाव झाले. संस्था काढून तिला सोडणाऱ्याचे नाव वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर असते, आणि ते पान कोणी वाचीत नाही!

पण चरित्र बाजूस ठेवू आणि वादनाकडे वळू. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या ध्वनिमुद्रणगृहात डॉरमने एक तबकडी केली. तिचे नाव ‘क्वाएट केनी’, म्हणजे शांत केनी. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पॉल चेम्बर्स, ड्रमवर आर्ट टेलर. दुसरा कोणी फुंकवाद्यवाला नाही, म्हणजे लपावयास जागा नाही. ह्याच वर्षी माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ केली, आणि तिच्यातही बास वाजविणारा हाच पॉल चेम्बर्स होता. ती तबकडी जगभर खपली आणि अजून खपते आहे. ‘क्वाएट केनी’ची मूळ प्रत मिळविण्यासाठी आज संग्राहक मोठमोठ्या रकमा मोजतात, ज्या वर्षी ती निघाली त्या वर्षी तिची एवढी चाड कोणाला नव्हती.

तिच्यातील ‘अलोन टुगेदर’ ही तीन मिनिटांच्या आसपासची चीज आम्ही किती वेळा ऐकली ह्याचा हिशेब नाही. मूळ ती नाटकातल्या गाण्याची चाल. जॅझवाले अशी चाल एकदा वाजवितात, मग तिच्या स्वरसंगती तशाच फिरत ठेवून त्यांवर नवी नवी रचना करतात; आपल्या आवर्तनांसारखेच ते चालते. बहुतेकांना पहिली फेरी कधी एकदा आटोपते आणि आपली करामत कधी सुरू होते, ह्याची घाई असते. डॉरम येथे करामत जवळजवळ करीतच नाही. तो चालच वाजवितो. एखाद्या स्वरावर यावयास किंचित उशीर करतो, एखादा स्वर पुरता न भरता सोडून देतो, एखाद्या वाक्याच्या टोकाला तीनचार स्वरांची लहानशी वेलांटी घालतो. आमच्या ओळखीचे एक जुने श्रोते ही चीज ऐकून म्हणाले, ‘ह्यांनी गाण्यात काही घातलेच नाही हो!’ आम्ही म्हटले, ‘काढलेही काही नाही.’ ठुमरीतला एकच शब्द घोळविणारी गायिका जे करते ते हेच.

त्याच्या नादाविषयी बोलावयाचे तर तो सोन्यासारखा नाही. वापरलेल्या पितळी भांड्याचा जो मवाळ, थोडासा मळकट उजेड असतो तसा तो आहे. मधल्या सप्तकात तो रमतो. लांब स्वर धरून तो कंपवीत बसत नाही. स्वर विझू देतो. द्रुत लयीतही त्याचे स्वर एकाला एक चिकटून, पण प्रत्येक वेगळा कळेल असे येतात. बोलता बोलता विचार करणाऱ्या माणसासारखी त्याची वाक्ये कुठे संपतील ते आधी समजत नाही, आणि संपली म्हणजे दुसरीकडे संपूच शकली नसती असे वाटते. ‘लोटस ब्लॉसम’ ही त्याची स्वतःची रचना त्याच तबकडीत आहे. सॉनी रॉलिन्सने १९५७ साली ती ‘एशियाटिक रेज’ ह्या नावाने मुद्रित केली होती. तिच्यात लय चपळ आहे, तरी वादनाचा आवाज चढत नाही. ह्यावरून लक्षात येईल की शांतपणा आणि संथपणा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याचे सारेच चांगले होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९५८ साली त्याने एक तबकडी गाऊन केली. गळा साधा होता आणि ती नसती केली तरी चालले असते. मात्र जो वादक गाण्याचे शब्द मनात म्हणत वाजवितो त्याची वाक्ये वेगळी पडतात, एवढे तिच्यावरून उमगते. त्याच वर्षी सेसिल टेलर ह्या बंडखोर पियानोवाल्याबरोबर तो मुद्रणाला बसला, आणि दोघांचे जुळले नाही हे ऐकतानाच कळते. पण ह्यावरून तो नव्याला भिणारा होता असे कोणी समजू नये. १९६४ मध्ये अँड्र्यू हिलच्या ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’ ह्या त्या काळच्या अत्यंत धाडसी तबकडीत, एरिक डॉल्फीसारख्या मुलखावेगळ्या वादकाच्या बाजूला, डॉरम आपल्याच मवाळ स्वराने उभा आहे.

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कृतीविषयी. १९६१ साली तो ब्राझीलला जाऊन आला आणि तेथील बोसानोव्हाची लय मनात घेऊन आला. त्यातून ‘ब्ल्यू बोसा’ झाली. सोळाच मात्राखंडांची ही रचना. पहिले आठ खंड कोमल गंधाराच्या उदास वातावरणात जातात. मग चार खंडांपुरता षड्जच जणू कोमल ऋषभावर सरकतो आणि गंधार तेथे शुद्ध होतो. उजेडाची तिरीप यावी तसे वाटते. आणि शेवटच्या चार खंडांत पुन्हा जुनी सावली. जगात जेथे जेथे जॅझ शिकवितात तेथे नवशिक्यांना ही चीज देतात. परंतु ३ जून १९६३ रोजी ती प्रथम मुद्रित झाली ती डॉरमच्या नव्हे, जो हेंडरसन ह्या तरुण सॅक्सोफोनवाल्याच्या पहिल्या तबकडीत. नवख्या मुलाला आपली उत्तम चीज देऊन, शेजारी उभे राहून ती वाजवावयाची, हा डॉरमचा स्वभाव. परिणाम असा झाला की चीज सर्वांना ठाऊक आणि कर्ता कोणालाच नाही.

१९६४ च्या सप्टेंबरात त्याने ‘ट्रॉम्पेटा टोकाटा’ केली. स्वतःच्या नावाची ती शेवटची. ह्यानंतर तो आठ वर्षे जगला. ‘डाउन बीट’ मासिकात त्याने इतरांच्या तबकड्यांची परीक्षणे लिहिली, टपालखात्यात नोकरी केली, मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठले, आणि ५ डिसेंबर १९७२ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कात वारला. ह्या आठ वर्षांत जे वाजविले गेले नाही, किंवा गेले आणि तबकडीवर उतरले नाही, त्याची भरपाई आता कोणी करू शकत नाही.

असे का झाले, ह्याला एकच कारण देता येत नाही. गिलेस्पीने उंची गाठली, डेव्हिसने मौनाचेच एक नाट्य केले, ब्राउनच्या तेजावर अकाली मृत्यूने शिक्का मारला. डॉरमजवळ सांगण्यासारखी अशी एकही गोष्ट नव्हती. वर्तमानपत्राला मथळा लागतो. मध्यम सप्तकाचा मथळा होत नाही. पुढे गॅरी गिडिन्स ह्या टीकाकाराने म्हटले की डॉरमचे नाव म्हणजे ‘उपेक्षित’ ह्या शब्दाचा जवळजवळ पर्यायच झाले आहे. हे सहानुभूतीने म्हटलेले आहे आणि खरेही आहे. पण आम्हाला त्याचीही थोडी भीती वाटते. एखाद्याला उपेक्षित म्हणून मोकळे झाले की त्याचे ऐकण्याची गरज उरत नाही, हळहळून भागते. ज्यांनी ऐकले ते वादक होते, आणि त्यांच्यात तो उपेक्षित कधीच नव्हता. पार्कर, ब्लेकी, रोच ह्यांनी निवडलेला माणूस दुय्यम असेल, हे बुद्धीला पटत नाही.

१५ जानेवारी १९६१ ला त्याने ‘व्हिसल स्टॉप’ ही तबकडी केली, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. तिच्यातील साऱ्या रचना त्याच्याच आहेत. आगगाडी क्षणभर थांबते अशा लहान ठाण्याचे हे नाव, आणि टेक्ससच्या बालपणाच्या खुणा तिच्यात जागोजाग आहेत. तिच्या शेवटी एक मिनिटाहून थोडीशीच मोठी एक चीज आहे. तिचे नाव त्याने ‘डॉरम्स एपिटाफ’ ठेवले; म्हणजे डॉरमच्या थडग्यावरचा लेख. संथ चालीची ती रचना नीट कानांत शिरते न शिरते तोच संपते.

चालकांनी ध्वनिवर्धकाची सोय केली आहे, आणि एक विनंती आम्ही त्यांना आधीच करून ठेवली आहे. आवाज मोठा करू नये. आधी ‘अलोन टुगेदर’ लावतो, नंतर हा लेख. मागच्या रांगेतील मंडळींनी थोडे पुढे येऊन बसावे.