पूर्वजांचा माग

गोमंतकातून सावंतवाडी प्रांती येऊन वसलेल्या कुळांचा माग काढण्यास दोन साधने आहेत. घरातील जुनी छायाचित्रे व देवळातील नोंदवह्या. विवाहांची वही ठेवण्याची आज्ञा त्रेंत धर्मपरिषदेने १५६३ साली दिली. १९०८ पासून विवाहाची टीप बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढेही लिहिली जाऊ लागली. म्हणून परमुलखी लग्न करून राहिलेल्याचा ठावठिकाणा त्याच्या मूळ गावच्या वहीच्या समासात सापडतो.

छायाचित्रास मात्र असा समास नाही. त्यातील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी एकेक करून देवाघरी जात आहेत. आमच्या आजोबांशेजारी उभे असलेले गृहस्थ कोण, हे मातोश्रींस विचारावयाचे आमच्याकडून राहूनच गेले. प्रिय बंधुभगिनींनो, या महोत्सवाच्या वर्षी वडिलांपाशी बसून प्रत्येक छायाचित्रामागे शिसपेन्सिलीने नावे व गाव लिहून ठेवा.