एकोणीस वेळा एक

अंबडला वर्गात ‘मूळ संख्या’ शिकवताना मी तिचे उर्दू नावही सांगतो: मुफरद अदद. मुफरद म्हणजे एकटा. जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणी भागू शकत नाही, ती.

एकदा एका मुलाने विचारले, “सर, नुसते एक लिहीत गेलो तर?” फळ्यावर लिहून पाहिले. ११ मूळ. १११ ला ३ ने भाग जातो. पाच एकांची संख्या म्हणजे ४१ × २७१, सात एकांची २३९ × ४६४९. सहा एक लिहिले तर १११ × १००१ हे उघडच दिसते. म्हणजे एकांची मोजणी संयुक्त असली की संख्या फुटतेच. मोजणी मूळ असली तरी भरवसा नाही. ११, १३ आणि १७ एकांच्या संख्याही फुटतात.

१९ एकांची संख्या मात्र फुटत नाही. ती तपासायला सुमारे १०५ कोटींपर्यंतचे मूळ भाजक पाहावे लागतील. भाजक असलाच, तर त्याला १९ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, एवढी सवलत मिळते. तरी यादी लाखोंची राहते. ऑस्कर हॉपे यांनी, संगणक नसताना, ती मूळ असल्याचे सिद्ध केले.

व्हॉट्सॲपवर असे काही आले की श्रेय बहुधा द. रा. कापरेकरांना दिलेले असते. हा शोध त्यांचा नाही, आणि त्यांना उसन्या श्रेयाची गरजही नाही. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. याच एकांच्या संख्यांचे वर्ग त्यांनी घेतले: १२१, १२३२१, आणि नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचे येतात नि रांग मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले, कारण कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनवर. तेव्हा त्याचे नाव तसे होते. जालन्याहून मुंबईला गाडीने जाताना देवळाली लागते, डोंबिवलीही.

अनेक विद्वानांनी हे पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेले. कापरेकरांकडे एम.ए. नव्हते, पुस्तिका ते स्वतः छापत. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाला ते कळले. तोवर मास्तर सत्तरीला आले होते. मी बी.एड. केले, तिथे त्यांचे नाव ऐकल्याचे मला आठवत नाही. शिक्षक घडवणाऱ्या वर्गात हे व्हावे, याचा राग येतो.

२३ एकांची संख्या मूळ ठरली १९२९ मध्ये. त्याच वर्षी कापरेकर पदवीधर झाले. पुढची थेट ३१७ एकांची, १९७०च्या दशकात. १०३१ एकांची सिद्धता १९८६ मध्ये छापून आली. त्याच वर्षी देवळालीत कापरेकर वारले.